पट ४७, निपुण ६ : एवढ्यावर मुलीची शाळा ठरवायची का?

पत्र :

नमस्कार मॅडम,

आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूला, २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात राहतो. मिस्टर एका इंग्रजी शाळेची व्हॅन चालवतात, मी औषधांच्या दुकानात हिशेब बघते. मोठा मुलगा त्याच इंग्रजी शाळेत चौथीत आहे. धाकटी जूनमध्ये पहिलीला जाईल. घरापासून पाच मिनिटांवर पहिली ते चौथीची एक छोटी शाळा आहे. आधी जिल्हा परिषदेची होती, आता महापालिकेची. तिथल्या बाई बोलायला चांगल्या वाटल्या. पण घरी येऊन मी यूडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी साइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड काढलं आणि पाय मागे घेतला. पट ४७. दोन वर्षांपूर्वी ६३ होता. शिक्षक दोनच. मुली २९, मुलगे १८. शाळेच्या भिंतीवर तक्ता आहे, त्यात तिसरीच्या ११ मुलांपैकी ६ निपुण, म्हणजे ५५ टक्के. बाई म्हणाल्या, त्या अकरातले चार जण दिवाळीनंतर आलेत. जाऊबाई म्हणतात, तिथे सगळी लेबर कॅम्पची पोरं, हिला काय वळण लागणार? मिस्टर म्हणतात, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपीच्या शाळेला जगातलं बक्षीस मिळालं, मग आपल्याच शाळेला नाव का ठेवायचं? मुलाची फी वर्षाला ५२ हजार जाते. दोघांची झेपणार नाही, हेही खरंच. मी या आकड्यांवरून काय समजायचं?

– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर :

नमस्कार ताई,

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुम्ही जे लिहिलंय त्यात मुलीला तिथे घालू नये असं एकही कारण मला दिसत नाही. एक धोका दिसतो, पण तो तुम्ही ज्या आकड्यांना घाबरलात त्यांत नाही. दोन शिक्षकांची दोन्ही पदं जूनमध्ये भरलेली असतील का, हे तेवढं पक्कं विचारून या. त्याबद्दल पुढे लिहिते.

पण तुम्ही कष्ट घेऊन रिपोर्ट कार्ड काढलंत हे फार आवडलं. मी आधी वर्गावर आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करायचं, काम केलं. यूडायसच्या माहितीचे तक्ते भरून घेताना शिक्षकांचा जीव मेटाकुटीला येतो आणि ती माहिती पुढे एखाद्या आईने उघडून वाचली असं क्वचितच कानावर येतं. एक लक्षात ठेवा, ते कार्ड मागच्या शैक्षणिक वर्षाचं असतं. ज्या शाळेत मुलं दर हंगामाला येतात-जातात, तिथे आजचा पट वेगळा असू शकतो. तो शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज लिहिलेला असतो. पट किती, हजर किती, मुलगे किती, मुली किती.

आता ते ५५ टक्के.

अकरा मुलांचे टक्के काढायचेच नसतात हो. तिथे एक मूल म्हणजे नऊ टक्के. तपासणीच्या दिवशी एक जण गालफुगीने घरी राहिला तर शाळा ४५ वर येते, एक जण जरा धीटपणे वाचून गेला तर ६४ वर जाते. शाळा तीच, बाई त्याच. तालुक्यातल्या शाळांची गुणानुक्रमे यादी लावली की वरच्या टोकालाही चिमुकल्या शाळा दिसतात आणि खालच्या टोकालाही. सहा मुलांच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून सत्कार होतात आणि पुढच्या वर्षी तीच शाळा पन्नासवर आली म्हणून नोटीस निघते. दोन्ही वेळा बदललेली असतात ती फक्त दोन-तीन मुलं. एवढ्या छोट्या वर्गात टक्के बाजूला ठेवावेत आणि एकेका मुलाचं नाव घेऊन विचारावं.

शिवाय निपुण म्हणजे नुसतं पास नव्हे. केंद्राने ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, असं त्याचं उद्दिष्ट. तिसरीसाठी ठरवलेली पातळी बघा : आधी न पाहिलेला उतारा मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगाने, अर्थ लागेल असा वाचायचा. ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचायच्या-लिहायच्या, गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवायची. तुमचा मुलगा चौथीत आहे ना? आज संध्याकाळी त्याला कुठलंही अनोळखी पान द्या, घड्याळ लावा, वाचून झाल्यावर ‘काय झालं रे यात?’ असं विचारा. मराठीतून एकदा, इंग्रजीतून एकदा. त्याला रागवायला नाही. ५२ हजारांच्या शाळेतून त्या तक्त्यावर किती नावं लागली असती, याचा तुम्हाला अंदाज यावा म्हणून.

आणखी एक. तो तक्ता शाळेतलेच शिक्षक भरतात. भिंतीवर ११ पैकी ११ असतं तर मी जास्त सावध झाले असते. ज्या बाई अकरातले पाच राहिलेत असं दारातच लावतात, त्या खरं लिहितात, असं मी समजते.

आता त्या पत्रातल्या छोट्या वाक्याकडे येऊ, कारण सगळी किल्ली तिथे आहे. चार जण दिवाळीनंतर आले. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं आणि दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. दिवाळी झाली की मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून, आणखीही लांबून माणसं बांधकामांवर येतात. साइट संपली की बिऱ्हाड उचलतात. त्यांचं आठ वर्षांचं मूल, अक्षरओळख नसली तरी, थेट तिसरीत बसतं. हे बरोबरच आहे. आठ वर्षांच्या मुलीला पहिलीत सहा वर्षांच्यांमध्ये बसवलं तर ती आठवड्यात शाळा सोडेल. पण मार्चमध्ये तक्ता भरताना ती ‘तिसरीतली’ म्हणूनच मोजली जाते.

तेव्हा बाईंना असं विचारा : पहिलीपासून इथेच बसलेली सात मुलं आहेत, त्यांच्यापैकी किती निपुण? सहाही त्या सातांतली असतील तर सातांत सहा, म्हणजे डोळे मिटून मुलगी घाला. सहांतली दोघं जर दिवाळीनंतर आलेली निघाली, तर सातांत चारच उरतात. मग इतका काळ याच शाळेत बसून तिघं मागे का राहिली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बघा, तक्त्यावरचा आकडा दोन्ही वेळा तोच, ११ पैकी ६.

नव्याने आलेल्या चौघांबद्दलही विचारा. नोव्हेंबरात काय येत होतं, आता काय येतं? अलीकडे वर्षातून तीनदा नियतकालिक चाचण्या होतात : सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, संकलित दोन. भाषा, गणित, इंग्रजी. एकाच मुलाचे वर्षभरातले पेपर शेजारी-शेजारी ठेवले की शाळेने काय केलं ते दिसतं. नाव झाकून दाखवा म्हणावं. चांगल्या बाई आनंदाने दाखवतात, त्यांना असं विचारणारं कोणी भेटतच नाही.

वर्तमानपत्रात येणाऱ्या मोठ्या सर्वेक्षणांवरून मात्र या शाळेबद्दल काही काढू नका. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं केंद्राचं ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीच्या निवडक मुलांचं होतं. ते जिल्ह्याचं, राज्याचं चित्र सांगतं, तुमच्या गल्लीतल्या शाळेचं सांगत नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ हा मुलांच्या वाचन-गणिताचा अहवाल ग्रामीण भागातला असतो आणि तुम्ही तर आता शहरात आलात, निदान पाण्याचं बिल तसं म्हणत असेल.

तुमच्या मुलाच्या शाळेशी तुलना करायची तर हेही डोळ्यांपुढे असू द्या की तिथे फी हीच चाळणी आहे. जो बाप जूनमध्ये हप्ता भरू शकतो, ज्याचं बिऱ्हाड मार्चपर्यंत हलत नाही, ज्याच्या घरात कुणीतरी गृहपाठ बघतं, त्याचंच मूल त्या वर्गात पोचतं. त्यातलं जे मागे पडतं त्याला बहुतेक वेळा शिकवणी लावली जाते. मार्कांचं श्रेय शाळेला, खर्च घरचा. महापालिकेच्या शाळेत दार ढकलून येईल ते मूल घ्यावं लागतं, जानेवारीतसुद्धा.

आता मुलांच्या आकड्यांतला एक आकडा, ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मुली २९, मुलगे १८. वस्तीत जन्माला येताना तर असं प्रमाण नसतं. मग बाकीचे मुलगे कुठे गेले? सकाळी तुमच्या मिस्टरांच्या व्हॅनमध्ये बसून गेले. बहीण चालत, भाऊ व्हॅनने, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की छोट्या सरकारी शाळेचा पट हातात आला की मी पहिल्यांदा हेच दोन रकाने बघते.

राग मानू नका, पण तुमच्या घरातही तेच घडायच्या बेतात आहे. मुलाचे ५२ हजार ठरलेले आहेत, उरलं त्यात मुलीचं बसवायचंय. मी असं म्हणत नाही की मुलीलाही इंग्रजी शाळेतच घाला. मी तर उलट सांगतेय की ही शाळा तिच्यासाठी चांगली असू शकते. पण ‘चांगली आहे म्हणून’ आणि ‘दोघांचं झेपत नाही म्हणून’ यांतलं तुमचं कारण कुठलं, ते नवरा-बायकोने एकदा बसून ठरवा. कारण दुसरी-तिसरीत गेली की ती विचारणारच, दादा व्हॅनने का जातो. त्या वेळी ‘तुझी शाळा आम्ही बघून, पारखून निवडली’ हे खरं असलं पाहिजे. एक व्यवहाराची गोष्ट सुचवते, पटली तर बघा. मुलीची फी वाचली म्हणजे ते पैसे घरखर्चात विरघळू देऊ नका. महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या नावाने बाजूला टाका. पुस्तकं, सुट्टीतलं पोहणं, पुढे पाचवीला शाळा बदलेल तेव्हाचा खर्च. आणि मुलालाही सुट्टीत चार दिवस बहिणीच्या पुस्तकातून मोठ्याने वाचायला बसवा, त्याचं मराठी सुधारेल.

जाऊबाईंचं वळणाचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यातला एक भाग खरा आहे. शिव्यांचा नाही. शिव्यांबद्दल तुमच्या मिस्टरांनाच विचारा, मागच्या सीटवर इंग्रजी शाळेतली मुलं काय काय बोलतात ते. खरा भाग असा की बाईंचा वेळ मोजका आहे. तिसरी-चौथीच्या जोडवर्गात चार मुलं अजून अक्षरांपाशी असतील तर बाई त्यांच्याजवळ बसणार आणि ज्याला येतंय त्याला ‘तू पुढचं पान कर’ असं सांगणार. तुमची मुलगी हुशार निघाली तर तिच्या वाट्याला कधीकधी नुसतं पुढचं पान येईल. यावर उपाय शाळेत थोडा आणि घरी जास्त आहे. रोज रात्री वीस मिनिटं तिने वाचायचं, तुम्ही ऐकायचं. पहिली तीन वर्षं एवढं केलंत तर पुरे आहे.

पण सोबतीची भीती म्हणाल तर मला पटत नाही. पाच भाषांच्या वर्गात सहा वर्षांची पोर काय शिकते ते बघायचं असेल तर मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर उभ्या राहा. कन्नड बोलणारी मुलगी, लातूरकडचं मराठी बोलणारा मुलगा आणि हिंदीतून भांडणारी दोन भावंडं, सगळी मिळून लगोरीचे नियम ठरवत असतात. आणि एक सांगू? ‘लेबर कॅम्पची पोरं’ म्हणताना जाऊबाई ज्या इमारतीत राहतात तीही कुणीतरी बांधलेली आहे. त्या रिपोर्ट कार्डावर जातींच्या प्रवर्गाचेही रकाने असतात. ते सरकारने शिष्यवृत्त्या आणि योजना पोचतात का हे बघण्यासाठी ठेवलेत. काही पालक तेच रकाने बघून शाळेची ‘लेव्हल’ काढतात, मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीत, हे मी तुमच्या बाजूने धरते.

आता धोका.

कायद्याच्या हिशेबात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे पट ६३ होता तेव्हा तीन असणार, ४७ वर आल्यावर तिसरं पद गेलं. राज्याच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्याच्या हिशेबात, आणखी बारकावे आहेत. त्यांतला एक तुमच्या शाळेला नेमका लागू पडतो : पदं मोजताना ज्यांचं आधार जुळलं आहे तीच मुलं धरतात. आता सांगा, कुणाचं आधार जुळत नसतं? ज्याच्या नावाचं स्पेलिंग विजापूरकडच्या कुणीतरी वेगळं टाकलंय, ज्याची जन्मतारीख अंदाजे १ जानेवारी आहे, त्याचं. ज्या मुलांना जास्त शिक्षक हवेत त्याच मुलांमुळे शिक्षक कमी मोजले जातात. यात शाळेचाही दोष नाही आणि मुलांचाही.

कागदावर दोन शिक्षकांना ४७ मुलं म्हणजे एकामागे चोवीस. ऐकायला छान. पण ते चोवीस दोन इयत्तांचे असतात. पहिली-दुसरी एकत्र, तिसरी-चौथी एकत्र. पहिलीला अक्षरं गिरवायला दिली की दुसरीचं हातच्याचं वजाबाकीचं उदाहरण, ते फळ्यावर मांडलं की पुन्हा पहिली. जोडवर्ग नीट चालवणारी बाई असेल तर याचा फायदाही होतो, पहिलीतल्या मुली दुसरीच्या कविता ऐकून पाठ करून टाकतात. अडचण येते ती एक शिक्षक नसला की. प्रशिक्षण, रजा, मतदार यादीचं काम, जनगणना. कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं आहे, पण ही तीनही काही छोटी कामं नाहीत. त्या दिवशी एकच माणूस आणि चार इयत्ता. असे दिवस वर्षात किती येतात, हा प्रश्न ५५ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. मोठ्या शाळेत एक बाई गेल्या तर वर्ग शेजारच्या तुकडीत बसतो, इथे शेजारची तुकडीच नाही.

म्हणून बाईंना तीन गोष्टी सरळ विचारा. दोघांपैकी कुणी यंदा निवृत्त होतंय का, कुणाची बदली होणार आहे का, आणि दुसरे शिक्षक नसतात तेव्हा काय करता. शेवटच्या प्रश्नाला ‘चौथीची मुलं पहिलीला वाचून दाखवतात, मी गोष्टींची पेटी उघडते’ असलं काही ठोस उत्तर आलं तर समजा की सोय केलेली आहे. ‘होतं कसंतरी’ असं आलं तर पुन्हा विचार करा. पट ६३ वरून ४७ का झाला तेही विचारा. एखादा कॅम्प उठून गेला असेल तर ती वेगळी गोष्ट. गावातलीच घरं मुलं काढून नेत असतील तर त्यांतल्या दोन आयांना गाठा, त्या तुम्हाला खरं सांगतील.

शाळा बंद पडेल का, अशी भीती तुमच्या पत्रात शब्दांआड जाणवली. समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याची, चर्चा २०२३ पासून चालू आहे, ती २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची. आपल्याच जिल्ह्यात पानशेतला तशी शाळा आहे, आसपासच्या वाड्यांतली मुलं तिथे बसने येतात. ४७ हा आकडा त्या रेषेपासून लांब आहे. पुढच्या चार वर्षांची हमी कुणीच देणार नाही, पण मी त्यासाठी प्रवेश अडवून धरणार नाही.

मिस्टरांना सांगा, जालिंदरनगरचं कौतुक मलाही आहे. त्या शाळेला २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचं बक्षीस मिळालं, ते खरंच. पण त्यावरून इतकंच कळतं की छोटी सरकारी शाळाही उत्तम होऊ शकते. तुमच्या रस्त्यावरची झाली आहे का, ते तिथेच जाऊन बघायला लागेल.

इंग्रजीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात बोलणं झालं असेलच. आपल्याकडे मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. किती बोललं जातं ते बाईंवर आहे. पहिली दोन वर्षं मराठी वाचन पक्कं झालं की इंग्रजी वाचन त्यावर लवकर चढतं, हा माझा वर्गातला अनुभव. चौथीनंतर कुठे, हे मात्र आत्ताच शोधून ठेवा. पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा, सेमी इंग्रजी आहे का, जायची सोय काय. शिष्यवृत्ती परीक्षेला ही शाळा मुलं बसवते का तेही बघा. ती परीक्षा चौथीला की पाचवीला हे सरकार अधूनमधून बदलत असतं, पण तयारी करून घेणारी बाई ती बदल होवो न होवो करूनच घेते.

आता शाळा बघायला कधी जायचं ते सांगते. दुपारी भेट ठरवून जाऊ नका, सकाळी परिपाठाला जा. प्रार्थना, प्रतिज्ञा झाल्यावर बातम्या आणि गोष्ट सांगायला पुढे कोण येतं ते बघा. दर वेळी तीच दोन चुणचुणीत मुलं येत असतील तर एक खूण. अडखळणाऱ्या मुलालाही उभं करतात, तो थांबला की बाकीची हसत नाहीत आणि बाई घाई करत नाहीत, ही दुसरी खूण. मला या दुसरीवर फार भरवसा आहे. मग दारातल्या फळ्यावरचा ‘हजर’ आकडा लक्षात ठेवा आणि मधल्या सुट्टीत जेवायला किती ताटं मांडली जातात ते बघा. फळ्यावर ४५ आणि पंगतीत ३० असतील तर समजून घ्या. मुलांना स्वतः प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका, पाहुण्याने तसं करू नये. बाईंना म्हणा, कुणाला वाचून दाखवायला आवडेल का? जी मुलं धावत येतील तीच सांगतील.

एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, जूनमध्ये पुन्हा एक. पहिलीला येणाऱ्या मुलांसाठी भाषा, अंक, उड्या, चित्रं असं मांडलेलं असतं. मुलीला घेऊन पहिल्याच मेळाव्याला जा. तिला बाई आवडल्या का, हे तिच्या तोंडून कळेल.

घातलंत तर दाराबाहेर उभ्या राहू नका. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तुम्ही हिशेब बघता, म्हणजे समितीला हव्याच आहात. पहिल्या बैठकीत आधारचा विषय काढा : कुणाकुणाचं जुळत नाही, त्या आईबापांबरोबर आधार केंद्रावर कोण जाईल. त्यांना एका दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं असतं, सोबत कागद वाचणारं कुणी असलं तर एकाच फेरीत काम होतं. पट कागदावर खरा दिसला तर तिसऱ्या शिक्षकाची मागणी तरी करता येईल, आणि त्याचा उपयोग तुमच्याच मुलीच्या वर्गाला होईल.

पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. जन्मदाखला आणि आधार घेऊन जा, शाळा सोडल्याच्या दाखल्याची गरज नाही. जाऊबाईंनाही मेळाव्याला बरोबर घेऊन जा. नाही आल्या तरी चालेल.